चार अधिवास, एक अनोव्हा: नागपूर परिसरातल्या पक्षी-मोजणीच्या प्रकल्प नोंदी

सागाचं जंगल, झुडपी जंगल, संत्र्याची बाग आणि शहरातली बाग. या चार अधिवासांत एका मोजणीत सरासरी किती पक्षी नोंदले जातात आणि त्या सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोगाचा, एवढाच प्रश्न. त्यासाठी वापरायची कसोटी अनोव्हा, म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकदम तुलना. हिवाळाभर चाललेल्या कामाच्या या नोंदी आहेत, असंच काम हाती घेणाऱ्या निसर्ग मंडळांसाठी आणि एमएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी. शेवटच्या फेरीची छाननी व्हायची असल्यानं प्रत्यक्ष मोजणीचे आकडे इथे दिलेले नाहीत. हिशेबाच्या नोंदींत येणारे आकडे सरावाचे आहेत, कागद-पेन घेऊन पडताळता यावेत म्हणून मुद्दाम सोपे घेतलेले.

नोंद १ : ऑक्टोबर, पहिला पंधरवडा. यादी छाटणे

सुरुवातीच्या यादीत तलावकाठही होता. अंबाझरी, फुटाळा, गोरेवाड्याचा तलाव सगळेच हाताशी आहेत, त्यामुळे मोह सुटत नाही. पण पाणपक्षी मोजायची पद्धतच वेगळी: काठावर दुर्बीण रोवून अख्खा थवा मोजायचा. जंगलातली मोजणी म्हणजे एका जागी उभं राहून ५० मीटरच्या आतले पक्षी टिपायचे. दोन पद्धतींचे आकडे एका तक्त्यात बसवले तर फरक पद्धतीचा की जागेचा, हे कुणालाच सांगता येणार नाही. तलाव काढला.

उरलेल्या चारांची व्याख्या लिहून घेतली, कारण 'जंगल' म्हणजे काय यावर जीपमध्ये वाद घालत बसलं की सकाळ जाते. महसुली दप्तरात झुडपी जंगल म्हणून लागलेल्या विदर्भातल्या जमिनी प्रत्यक्षात कुठे उजाड माळ, कुठे वस्ती, तर कुठे बऱ्यापैकी झाडी अशा निघतात. म्हणून सातबारा बाजूला ठेवून जागेवर जे दिसतं ते धरलं: झाडं विरळ, उंची साधारण पुरुषभर ते दीडपट, बोर, पळस, बाभूळ, मधे गवत. सागाच्या तुकड्यात निम्म्याहून जास्त झाडं सागाची हवीत. शहरी बागेत लावलेली झाडं, पायवाटा आणि रोजची वर्दळ हवी.

सेमिनरी हिल्सनं सगळ्यांना अडवलं. पत्ता शहराचा, झाडी रानाची. चारही व्याख्यांत अर्धवट बसते. असा तुकडा 'आपल्याला सोयीचा' म्हणून कुठल्या तरी गटात ढकलू नये. मोजायचाच असेल तर मोजावा, तुलनेत घेऊ नये. आम्ही घेतला नाही.

नोंद २ : ऑक्टोबर, दुसरा पंधरवडा. तुकडे किती?

या प्रकारचे प्रकल्प इथेच बुडतात, म्हणून ही नोंद लांब.

सोपा वाटणारा आराखडा असा: गोरेवाड्यात २० बिंदू (उभं राहून मोजायच्या जागा), हिंगण्याकडच्या एका माळावर २०, काटोलच्या एका मोठ्या बागेत २०, महाराजबागेत २०. झाले ८० आकडे, चालवा अनोव्हा. पण इथे सागाचं जंगल एकच आहे. त्यातले २० बिंदू म्हणजे त्या एकाच जंगलाचं २० वेळा घेतलेलं माप. निष्कर्ष निघेल तो 'गोरेवाडा आणि महाराजबाग वेगळे आहेत' एवढाच, आणि त्यासाठी कुणाला संख्याशास्त्र लागत नाही. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ साली पर्यावरणाच्या प्रयोगांतली हीच खोट दाखवून दिली. चाळीस वर्षांनंतरही ती प्रकल्प अहवालांत सापडते, कारण सॉफ्टवेअर तक्रार करत नाही.

म्हणून आराखडा बदलला. प्रत्येक अधिवासाचे ६ वेगवेगळे तुकडे, एकमेकांपासून दूर. प्रत्येक तुकड्यात ३ बिंदू, दोन बिंदूंत किमान २५० मीटर अंतर, म्हणजे तोच कोतवाल पक्षी दोनदा मोजला जाण्याची शक्यता कमी. प्रत्येक बिंदूवर ४ फेऱ्या. एका तुकड्याच्या या १२ मोजण्यांची सरासरी काढून त्या तुकड्याचा एकच आकडा करायचा. अनोव्हात जाणार फक्त २४ आकडे.

"एवढं फिरून फक्त २४?" हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. उत्तर असं की २८८ मोजण्या फुकट जात नाहीत, त्यांनी तो एक आकडा पक्का होतो. बिंदू हाच स्वतंत्र नमुना धरला तर गटांतर्गत स्वातंत्र्य मात्रा (आकड्यांची संख्या वजा गटांची संख्या) २० ऐवजी ६८ होते, फेऱ्याही सुट्या धरल्या तर २८४. अनोव्हातला एफ म्हणजे गटांमधलं प्रचरण (आकड्यांचा पसारा) भागिले गटांतर्गत प्रचरण. तो कोष्टकातल्या मर्यादेच्या वर गेला तर फरक खरा धरतात. इथे ती मर्यादा खाली येते आणि भागाकारात खाली बसणारा आकडाही चुकीचा असतो: त्यात एका तुकड्यातल्या शेजारच्या बिंदूंमधला फरक मिसळतो, जो दोन तुकड्यांतल्या फरकापेक्षा सहसा लहानच असतो. एफ फुगतो. सगळंच 'लक्षणीय' दिसू लागतं.

६ तुकडे का, ३ का नाहीत? प्राथमिक फेरीवरून गटांतर्गत प्रचरण २.६ च्या आसपास धरलं, तर ६ तुकड्यांत ट्युकीच्या कसोटीला (कुठले दोन गट वेगळे ते सांगणारी) दोन सरासऱ्यांत साधारण २.६ पक्ष्यांचा फरक पकडता येतो. ३ तुकडे घेतले तर तीच मर्यादा ४.२ वर जाते. म्हणजे १० आणि १४ अशा सरासऱ्या असल्या तरी ३ तुकड्यांत कसोटी गप्प बसेल. हा हिशेब मोजणीच्या आधी करायचा असतो. नंतर केला तर तो फक्त खुलासा ठरतो.

नोंद ३ : नोव्हेंबर, पहिला आठवडा. परवानग्या आणि बागा

अभयारण्यात किंवा व्याघ्र प्रकल्पात अभ्यासासाठी शिरायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. त्यात हिवाळा निघून जाऊ शकतो. पेंच आणि उमरेड-कऱ्हांडला त्यामुळे यादीत घेतलेच नाहीत. अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीसाठीही वनविभागाला पत्र द्यावंच लागतं. पत्रासोबत बिंदूंचे अक्षांश-रेखांश, मोजणीचे महिने आणि माणसांची नावं जोडली की उलट प्रश्न कमी येतात. रामटेक, पारशिवनी आणि कोंढाळीच्या बाजूनं सागाचे तुकडे निवडले.

बागांचा त्रास वेगळा. ५० मीटर त्रिज्येचं वर्तुळ ७,८५४ चौरस मीटरचं, म्हणजे जवळजवळ दोन एकर. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडच्या कित्येक बागा तीन-चार एकरांच्या. वर्तुळ बागेत बसवलं तरी कडा शेजारच्या कपाशीत किंवा तुरीत जाते. म्हणून 'तुकडा' एका शेतकऱ्याच्या बागेवर न ठरवता सलग बागा असलेल्या शिवारावर ठरवला आणि बिंदू धुऱ्यापासून (बांधापासून) ५० मीटर आत घेतला. त्यामुळे प्रत्येक शिवारात तीन-चार मालकांची संमती घ्यावी लागली. चहा झाल्याशिवाय संमती मिळत नाही, वेळ तसाच धरावा.

बागेची अवस्था लिहिलीच पाहिजे. आंबिया बहारासाठी (हिवाळ्याअखेरच्या फुलोऱ्यासाठी) ताणावर सोडलेली, म्हणजे पाणी तोडलेली बाग डिसेंबरात कोरडी, पानं मलूल. शेजारीच मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याची) फळं अंगावर असलेली बाग, तिला पाणी चालू. दोन्ही 'संत्र्याची बाग', पण ओल असलेल्या बागेत किडे आणि त्यांच्यामागे पक्षी. शेऱ्याच्या रकान्यात 'ताण', 'पाणी चालू', 'तोडणी', 'फवारणी' यांपैकी एक शब्द सक्तीचा केला. तोडणी किंवा फवारणी चालू असेल त्या दिवशी मोजणी नाही, तारीख पुढे.

नोंद ४ : नोव्हेंबर, तिसरा आठवडा. मोजणीचे नियम

सूर्योदयापासून ३ तास. जानेवारीत नागपुरात सूर्य सातच्या जरासा आधी उगवतो, म्हणजे दहाच्या आत आटपायचं. बिंदूवर पोचून २ मिनिटं गप्प उभं राहायचं, मग १० मिनिटं मोजणी. तीन बिंदू आणि मधली चाल धरून एका तुकड्याला पाऊण-एक तास, त्यामुळे एका सकाळी दोनच तुकडे. २४ तुकड्यांची एक फेरी म्हणजे एका जोडीच्या १२ सकाळी, चार फेऱ्यांच्या ४८. दोन जोड्या असतील तर निम्म्या. हे आधी मांडून ठेवलं नाही तर जानेवारीत माणसं गळतात.

साहित्य फार नाही: ८ बाय ४० ची दुर्बीण, मोबाइलमधलं जीपीएस, पॅड, पेन्सिल. पेन नको, दवानं शाई पसरते. अंतर मोजायला लेझरचं यंत्र छान, पण ते काही हजारांचं. त्याऐवजी ५० मीटर नायलॉनची दोरी घेऊन दर २५ मीटरला लाल फीत बांधली. प्रत्येक बिंदूवर पहिल्या भेटीत दोरी चार दिशांना ताणून २५ आणि ५० मीटरवरची झाडं ओळखून ठेवायची. पुढच्या फेऱ्यांत दोरी काढायची गरज पडत नाही.

प्रत्येक पक्षी कुठल्या पट्ट्यात दिसला ते लिहायचं: ० ते २५ मीटर की २५ ते ५०. हा रकाना सुरुवातीला सगळ्यांना फुकटचा वाटतो. नोंद ९ पाहा.

वरून उडत गेलेला पक्षी मोजायचा नाही, वेगळा लिहायचा. थवा असेल तर 'थवा १, संख्या ८' असं. सातभाई कधी एकटे येत नाहीत, पारव्यांचंही तेच. आवाजावरून ओळख पटली तर चालेल, पण दिशा आणि पट्टा सांगता आला पाहिजे. मर्लिन ॲप आवाज ओळखतं, किती पक्षी आणि किती लांब हे सांगत नाही. त्यामुळे ॲपनं नाव दाखवलं एवढ्यावर पक्षी मोजला नाही.

नोंद ५ : डिसेंबर. पहिली फेरी बाद

पहिल्या फेरीत कामाची वाटणी घराच्या सोयीनं झाली. एका जोडीकडे साग आणि झुडपी, दुसरीकडे बागा आणि शहर. पेट्रोल वाचलं, फेरी गेली. एका जोडीचा कान वटवट्यासारख्या बारीक आवाजांना तयार होता, दुसरीचा नव्हता. आता साग-झुडपीचे आकडे जास्त आले तर ते पक्ष्यांमुळे की कानांमुळे? माणूस आणि अधिवास एकमेकांना असे चिकटले की नंतर कुठलीही कसोटी त्यांना सोडवू शकत नाही. फेरीचे आकडे तुलनेतून काढून सराव म्हणून ठेवले.

वेळेचंही तसंच. शहरातली बाग जवळ म्हणून आधी, जंगल लांब म्हणून नंतर. म्हणजे शहर कायम सातला, साग कायम साडेआठला. पक्ष्यांची हालचाल पहिल्या तासात सर्वांत जास्त असते.

दुरुस्ती: तक्ता असा केला की प्रत्येक जोडी प्रत्येक तुकड्यावर चारपैकी दोन फेऱ्यांत जाते. एका सकाळी दोन वेगळ्या अधिवासांचे तुकडे, आणि पुढच्या फेरीत क्रम उलटा. पेट्रोलचा खर्च बराच वाढला, त्याला इलाज नाही. शिवाय फेरी सुरू होण्याआधी दोन्ही जोड्यांनी एकाच बिंदूवर, एकाच वेळी, एकमेकांशी न बोलता मोजायचं आणि नंतर कागद जुळवायचे. कागद जुळेपर्यंत सराव.

धुक्याच्या सकाळी मोजणी थांबवली. ५० मीटरवरचं खुणेचं झाड दिसत नसेल तर परत फिरायचं, हा नियम लिहून ठेवल्यानं वाद मिटला.

नोंद ६ : जानेवारी. शीटमध्ये जे बिघडतं

नोंदीची शीट लांबट ठेवली, एका प्रजातीला किंवा थव्याला एक ओळ. रकाने: अधिवास, तुकडा, बिंदू, फेरी, तारीख, वेळ, जोडी, प्रजाती, संख्या, पट्टा, थवा, शेरा.

या मांडणीतला खड्डा असा की ज्या भेटीत एकही पक्षी मिळाला नाही तिची ओळच तयार होत नाही. पिव्होट तक्त्यात (ओळी गटवार जमवून बेरीज-सरासरी देणाऱ्या) ती भेट गायब होते आणि सरासरी वर सरकते. तीही नेमकी जिथे पक्षी कमी तिथेच. उपाय म्हणजे भेटींची वेगळी शीट, सगळ्या २८८ भेटी आधीच लिहिलेल्या, आणि बेरीज तिकडे ओढून घ्यायची. भेट झाली पण पक्षी नाही तर ०. भेटच झाली नाही तर रिकामं. एक्सेल रिकामी चौकट सोडून देतं आणि ० ला आकडा धरतं, दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

दुसरं, मोबाइलवर मराठी कीबोर्ड चालू ठेवून टाकलेले देवनागरी आकडे. शीट त्यांना बहुतेक वेळा अक्षरं समजते आणि बेरजेत धरतच नाही, लाल खूणही दाखवत नाही. आकडा चौकटीत उजवीकडे चिकटतो, अक्षर डावीकडे. रकाना वरून खाली नजरेनं उतरला तरी सापडतं.

तिसरं, 'झुडपी', 'झुडुपी' आणि शेवटी मोकळी जागा असलेलं 'झुडपी'. माणसाला एकच, संगणकाला तीन अधिवास. म्हणून अनोव्हाच्या तक्त्यात पी (एवढा फरक निव्वळ योगायोगानं दिसण्याची शक्यता) बघण्याआधी स्वातंत्र्य मात्रा बघायची: गटांमधली ३, गटांतर्गत २०, एकूण २३. यांतलं काहीही वेगळं दिसलं तर शीटकडे परत.

नोंद ७ : जानेवारी अखेर. हातानं एकदा

बटण दाबण्याआधी एकदा कागदावर. प्रत्येक आकडा म्हणजे एका तुकड्याची, एका मोजणीमागे पक्ष्यांची सरासरी. सरावाचे आकडे:

सागवन: ९, ११, ८, १०, १२, १०. सरासरी १०.
झुडपी: १४, १२, १५, १३, १६, १४. सरासरी १४.
संत्राबाग: ८, ११, ९, ७, १०, ९. सरासरी ९.
शहरी बाग: १३, १६, १५, १२, १७, १७. सरासरी १५.

सगळ्या २४ आकड्यांची सरासरी १२.

गटांमधला फरक: प्रत्येक गटाची सरासरी १२ पासून किती लांब, त्याचा वर्ग, गुणिले ६. ६ × (४ + ४ + ९ + ९) = १५६. भागिले ३ केलं की ५२.

गटांतर्गत फरक: प्रत्येक आकडा आपल्याच गटाच्या सरासरीपासून किती लांब, त्यांच्या वर्गांची बेरीज. साग १०, झुडपी १०, बाग १०, शहर २२. एकूण ५२. भागिले २० केलं की २.६.

एफ = ५२ ÷ २.६ = २०. कोष्टकात ३ आणि २० साठी ५ टक्क्यांची मर्यादा ३.१०. २० तिच्या कितीतरी वर.

एकूण फरक १५६ + ५२ = २०८. त्यातले १५६, म्हणजे ७५ टक्के, अधिवासामुळे. अहवालात हा आकडा द्यावा, नुसता पी देऊन वाचणाऱ्याला फरक केवढा ते कळत नाही.

एफ मोठा आला म्हणजे चारही वेगळे, असं नाही. कोण कुणापासून वेगळं हे ट्युकी सांगतो. ४ गट आणि २० स्वातंत्र्य मात्रांसाठी कोष्टकातला आकडा ३.९६. त्याला २.६ ÷ ६ च्या वर्गमुळानं गुणलं की २.६१. ज्या दोन सरासऱ्यांत यापेक्षा जास्त अंतर, त्या वेगळ्या. झुडपी-शहर अंतर १, साग-बाग अंतर १, यांच्यात फरक सिद्ध होत नाही. बाकी चारही जोड्यांत अंतर ४ ते ६, सगळे वेगळे.

थेट दोन-दोन गटांच्या टी-कसोट्या लावायच्या नाहीत. चार गटांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येकीत ५ टक्के धोका घेतला तर कुठेतरी एक खोटा फरक दिसण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आसपास जाते.

एक्सेल आणि लिब्रे ऑफिस दोन्हींत एकमार्गी अनोव्हा आहे, पण ट्युकी नाही. तो वरच्यासारखा हातानं काढावा किंवा आर ही संख्याशास्त्राची संगणक-भाषा वापरावी. आरमध्ये अनोव्हासाठी एओव्ही, त्याच्या निकालावर ट्युकी एचएसडी, दोन ओळींचं काम.

नोंद ८ : फेब्रुवारी, पहिला आठवडा. पारव्यांचा थवा

शहरी बागेच्या शेवटच्या तुकड्यात १७ ऐवजी ७७ आले असं समजा. कुणीतरी रोज ज्वारी टाकतं, पारवे उतरतात, आणि प्रत्येक मोजणीत हा थवा सुट्या पक्ष्यांत मोजला गेला.

शहराची सरासरी १५ वरून २५ वर. आता तर फरक आणखी ठळक व्हायला हवा? हिशेब करून पाहा. गटांमधलं प्रचरण ५२ वरून ३२२ वर जातं. पण गटांतर्गत वर्गांची बेरीज ५२ वरून ३,२९२ वर जाते, प्रचरण १६४.६. एफ = १.९६. मर्यादा ३.१०. म्हणजे एका थव्यानं २० चा एफ पार झोपवला. साग आणि झुडपीतला फरक कुठेही गेलेला नाही, फक्त गोंगाटात बुडाला.

अशा वेळी तो आकडा गुपचूप खोडायचा नाही. मूळ कागद काढायचा. थवा वेगळा लिहिला असेल तर थव्यांसह आणि थव्यांशिवाय असे दोन्ही निकाल द्यायचे. मुख्य निकाल कुठला, हे मोजणीच्या आधी ठरलेलं असावं. आमच्यात ठरलं ते असं: मुख्य निकालात जमिनीवर किंवा झाडावर बसलेले पक्षी, १० पेक्षा मोठा थवा वेगळ्या तक्त्यात.

क्रुस्कल-वॉलिस कसोटी आकड्यांऐवजी क्रम वापरते, म्हणून तिला ७७ आणि १७ सारखेच, दोन्ही सर्वांत वर. थव्याशिवाय आणि थव्यासह दोन्ही वेळा तिचा निकाल सुमारे १७.५ येतो, मर्यादा ७.८१. पण ती सरासऱ्यांची तुलना करत नाही, त्यामुळे तिच्यावरून 'शहरात सरासरी इतके पक्षी जास्त' असं लिहिता येत नाही.

वेल्चची अनोव्हा गटागटांतलं प्रचरण वेगळं असेल तेव्हा कामी येते. एका वेड्यावाकड्या आकड्यावर तो उतारा नाही. सरावाच्या मूळ आकड्यांत सर्वांत मोठं प्रचरण ४.४, सर्वांत लहान २, दुपटीच्या जरा वर. गटांत तुकडे सारखेच असताना एवढं चालून जातं. थव्यानंतर हेच प्रमाण तीनशेपटीच्या पुढे जातं.

आकडे सामान्य वितरणाचे (मधे उंच, दोन्हीकडे उतरता असा घंटेचा आकार) आहेत का, हे तपासताना शापिरो-विल्क सगळ्या २४ आकड्यांवर एकदम चालवायची नाही. गटांच्या सरासऱ्या वेगळ्या असल्या की एकत्र आकड्यांना दोन उंचवटे येणारच. प्रत्येक आकड्यातून त्याच्या गटाची सरासरी वजा करून जे उरतं त्यावर चालवायची. १२ मोजण्यांची सरासरी घेतलेली असल्यानं हे आकडे बहुधा शहाण्यासारखे वागतात. हळद्यासारखी एकच प्रजाती घेतली आणि बहुतेक ठिकाणी ० आले तर मात्र अनोव्हाचा नाद सोडून मोजदादीच्या आकड्यांसाठीची प्रतिमानं लावावीत, पॉइसाँ किंवा ऋण द्विपद.

नोंद ९ : फेब्रुवारी, शेवटचा आठवडा. पट्ट्यांचा रकाना

झुडपीत १४ आणि सागात १०. एफ २०, ट्युकी राजी. तरीही हा फरक पक्ष्यांचा असेलच असं नाही.

दोन्हीकडे प्रत्यक्षात १६-१६ पक्षी आहेत असं धरा. मोकळ्या झुडपीत त्यातले १४ दिसले, सागाच्या ताटाएवढ्या पानांआड १०. हातात येणारे आकडे तेच, एफही तोच. अनोव्हा कागदावरचे आकडे मोजते, झाडावरचे पक्षी नाही.

पट्ट्यांचा रकाना इथे कामी येतो. २५ मीटरच्या आतलं वर्तुळ १,९६३ चौरस मीटर, २५ ते ५० मीटरचं कडं ५,८९० चौरस मीटर, बरोबर तिप्पट. पक्षी सारखे पसरलेले असतील आणि सगळे दिसत असतील तर बाहेरच्या कड्यात आतल्याच्या तिप्पट नोंदी यायला हव्यात. प्रत्येक अधिवासाचं हे गुणोत्तर काढायचं. झुडपीत ते तीनच्या जवळ आणि सागात दीडच्या आसपास निघालं, तर सागात लांबचे पक्षी निसटत आहेत हे उघड. संत्र्याची झाडं ६ बाय ६ मीटरवर, ओळींतून नजर लांब जाते पण घेर दाट, आतला बुलबुल दिसत नाही. शहरात नजर जाते, पण रस्त्याच्या आवाजात वटवट्या ऐकूच येत नाही. चार अधिवास, निसटण्याच्या चार तऱ्हा.

गुणोत्तरं एकमेकांपासून लांब असतील तर तुलना फक्त आतल्या २५ मीटरच्या आकड्यांवर करायची. आकडे लहान होतात, ० वाढतात, मर्यादा सैल होते, पण निदान चारही ठिकाणी नजर सारखी पोचते. प्रत्येक पक्ष्याचं अंतर मीटरमध्ये किंवा बारीक पट्ट्यांत लिहिलेलं असेल तर डिस्टन्स सॉफ्टवेअरनं निसटलेल्यांचा अंदाज बांधता येतो, त्यासाठी प्रत्येक अधिवासात भरपूर नोंदी लागतात. दोनच पट्टे घेतल्यानं तो रस्ता आम्हाला जवळजवळ बंद आहे. पुढच्या हिवाळ्यात पट्टे चार: १०, २०, ३५, ५० मीटर. दोरीला फिती तेवढ्या वाढतील.

नोंद १० : मार्च, दुसरा आठवडा. पानगळ

साग निष्पर्ण व्हायला लागला. डिसेंबरात ज्या बिंदूवरून २० मीटरवरचं खोड दिसत नव्हतं तिथून आता पलीकडची टेकडी दिसते. संत्रा सदाहरित, बागेत काहीच बदललेलं नाही. त्यामुळे मार्चच्या मोजणीत सागाचे आकडे वाढले तर ते पक्षी वाढल्यामुळे की पानं गळल्यामुळे, हे वेगळं करता येणार नाही. राहिलेल्या सागाच्या भेटी 'नंतर उरकून घेऊ' असं म्हणणाऱ्यांसाठी: त्या भेटी आता डिसेंबर-जानेवारीच्या तक्त्यात घालता येत नाहीत. तिथे रिकामं ठेवायचं.

दोन सागाच्या तुकड्यांत चारऐवजी तीनच फेऱ्या भरल्या. त्यांची सरासरी १२ ऐवजी ९ मोजण्यांवर. तुकड्याचा आकडा तरीही एकच, त्यामुळे २४ चे २४ राहतात आणि गट समान राहतात. अहवालात तळटीप जाईल. हेच प्रत्येक मोजणी हा नमुना धरून केलं असतं तर गट असमान झाले असते.

मार्चमध्ये सागाच्या त्याच बिंदूंवर ज्या मोजण्या झाल्या त्या वेगळ्या शीटमध्ये, पट्ट्यांसह. डिसेंबरचं आणि मार्चचं बाहेर-आत गुणोत्तर शेजारी ठेवलं की पानं किती पक्षी लपवतात त्याचा कच्चा अंदाज येईल. बागांच्या मालकांना मृग बहाराच्या तोडणीच्या तारखा विचारून ठेवल्या आहेत. भेटींच्या शीटमध्ये त्या तारखांसमोर 'तोडणी' आधीच लिहून टाकलं.